मशीन चालतंय तोवर

वहिनी, मशीनचं पाणी तापत नाहीये.

हे तुम्हाला सांगायला मी तुमच्या खोलीकडे वळले आणि दारापर्यंत जाऊन थांबले. आत दादा एकटेच पलंगाच्या कडेला बसून पेपर वाचत होते. तुमचं तेरावं होऊन गेलंय, पाहुणे आपापल्या गावी गेलेत, भाड्याच्या खुर्च्यासुद्धा परत गेल्यात. तरी घरात काही बिघडलं की माझे पाय तुमच्याकडेच वळतात. गॅस संपला, वहिनी. दूध नासलं, वहिनी. खरं सांगू, तुम्ही गेलात हेही मला तुम्हालाच सांगावंसं वाटतं. कोण कोण आलं होतं, कोण किती रडलं आणि कोण आलंच नाही. त्यातलं ‘कोण आलंच नाही’ तुम्ही दोनदा विचारून घेतलं असतंत.

मशीन म्हणजे आपलं भांड्याचं मशीन. घरात वॉशिंग मशीनही आहे, पण नुसतं ‘मशीन’ म्हटलं की तेच, ओट्याखालचं. सुतकात बाहेरून डबे येत होते आणि भांडी चुलतसासूबाई घासत होत्या, त्यामुळे त्याला कुणी हात लावला नव्हता. तेराव्यानंतर पहिल्यांदा घरचा स्वयंपाक झाला. मी ताटं-वाट्या तशाच आत लावल्या, पावडर घातली आणि बटणावर तुम्ही चिकटवलेल्या टिकलीवर बोट दाबलं. मशीन घरघरलं, पाणी घेतलं, थोड्या वेळाने थांबलं. दार उघडलं तर ताटांवर वरणाचा पिवळा थर तस्साच, वाट्यांना तूप गोठलेलं आणि पावडर डबीत कोरडी. आत हात घातला तर बोअरच्या पाण्याचा गारठा.

संदीप म्हणाला, “जाऊ दे ना, घासून टाक. आत्ता कुठे त्याच्या मागे लागतेस?” तुमचा दीर असाच. कुठलीही गोष्ट आपोआप नीट होते अशी त्याची समजूत आहे, कारण त्याच्या आयुष्यात ती होत आली, तुमच्यामुळे. पण मी त्याच्या मागे लागलेच. का ते पुढे सांगते. तुम्हाला ठाऊक आहेच म्हणा.

मेकॅनिक आला तो घाईत. बूट काढले, मशीनपुढे मांडी घातली, मी सांगितलेलं अर्धंच ऐकलं आणि टिकलीवर दाबून पाहिलं. मशीन चालू झालं. तो उठलाच.

“मॅडम, मशीन ओके आहे.”

“अहो, पाणी तापत नाही.”

“तापणारच नाही ना. हा प्रोग्राम नुसता खंगाळायचा आहे. यात हीटर लागतच नाही. तुम्ही हाच लावता रोज?”

मी म्हटलं, “टिकली आहे तोच लावतो.”

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग टिकलीकडे पाहिलं. हसू की नको असं त्याला झालं असावं, कारण समोरच्या खोलीत तुमचा हार घातलेला फोटो दिसत होता. मग त्याने शेजारचं बटण दाबलं, खरं भांडी धुण्याचं. मशीनने पाणी घेतलं, बराच वेळ विचार केला आणि शिट्टी मारून बंद पडलं. काचेवर दोन इंग्रजी अक्षरं लुकलुकायला लागली. त्याने ते आडवं केलं, तळाचा पत्रा काढला, तारा लावून काहीतरी तपासलं आणि म्हणाला, “हीटरचं कॉइल गेलंय. हे बघा, क्षार कसले साठलेत. आणि हे आजचं नाही हं मॅडम.”

“मग कधीचं?”

“ते कसं सांगणार? पण महिने झाले असतील. तुम्हाला कळलं नाही?”

मला नाही कळलं, वहिनी. आणि त्या वेळी मी खाली वाकले, तेव्हा दिसलं. त्या शेजारच्या बटणावर एक गोल डाग होता. टिकली बरेच दिवस चिकटून असली आणि मग काढली की मागे डिंकाची काळपट गोल खूण राहते ना, तसा. आरशावर राहते तशी. तुमची टिकली आधी तिथे होती. ती तिथून काढून कुणीतरी या गार पाण्याच्या बटणावर लावली होती.

कुणीतरी म्हणजे कोण? घरात टिकली लावणाऱ्या आपण दोघीच, आणि माझ्या टिकल्या बारीक.

*

हे मशीन आलं तेव्हाच्या तुम्ही आठवताय. लॉकडाऊन होता, भांडीवाल्या बाई येऊ शकत नव्हत्या, सगळं घर दिवसभर घरातच आणि दर दोन तासांनी कुणाला तरी काहीतरी खायला हवं. मीच हट्ट धरला. दोघा भावांनी मिळून घेतलं. तुम्ही पदर तोंडाला लावून लांबून बघत होतात आणि मशीन घेऊन आलेला माणूस गेल्यावर म्हणालात, “एवढ्याशा वाट्या धुवायला केवढं मोठं कपाट.”

आणि पहिल्याच दिवसापासून तुम्ही भांडी घासून मशीनमध्ये लावायला लागलात. नुसती विसळून नाही, घासणीने, साबण लावून, अगदी बुडं पालथी करून. मी कपाळावर हात मारला होता.

“वहिनी, घासून लावायची तर मशीन कशाला?”

“मग काय खरकटी लावू? पाव्हण्याकडं जाताना आपण आंघोळ करून जातो का नाय?”

“ते मशीन आहे, पाव्हणे नाहीत.”

“मशीन असलं म्हणून काय झालं, त्याला काय वाटंल?”

तवा, कढई आणि देवाची भांडी तर तुम्ही त्याच्या जवळही नेली नाहीत. तरी तुमचे भाऊ दिंडोरीहून द्राक्षांच्या पेट्या घेऊन आले की तुम्ही चहाच्याही आधी त्यांना मशीनपुढे उभं करायचात. “आमच्या वैशूनं आणलंय. सगळं आपोआप होतं, हात लावायचं काम नाय.” मी मागे उभी राहून तुमच्या ओल्या पदराकडे बघायचे. बटणांवरचं इंग्रजी दादांना लागायचं नाही आणि तुम्हाला वाचायचं नसायचं, म्हणून तुम्ही कपाळावरची मोठी मरून टिकली काढून योग्य बटणावर चिकटवलीत. घरभर सांगितलंत, “टिकलीवर दाबायचं. बाकी कशाला बोट लावायचं नाय.” इतकं सोपं माहितीपत्रक कुठल्या कंपनीला जमलं नसतं.

आपल्या कामांची वाटणी कुणी बसून केली नव्हती, पण पक्की होती. सकाळचा स्वयंपाक आणि डबे माझे, कारण मला ऑफिस. संध्याकाळचा स्वयंपाक आणि आवरणं तुमचं. साडेसातला ताटं. जेवण झालं की तुम्ही मला ओट्याजवळ फिरकू द्यायचा नाहीत. “जा तू वर. दिवसभर खुर्चीत बसून पाठ मोडली असंल.” मी वर जायचे आणि थोड्या वेळाने खालून मशीनची घरघर सुरू व्हायची. जिन्यातून ती वर यायची आणि आमच्या पलंगाच्या खालून निघाल्यासारखी वाटायची.

मी त्या घरघरीवर फार चिडायचे, हे तुम्हाला माहीत होतं का?

*

आता खऱ्या गोष्टीवर येते. ती अर्धवट राहिली म्हणून तर हे सगळं.

गणपती उठल्यानंतरचे दिवस होते. तुम्ही स्वयंपाकघरात खाली बसून मेथी निवडत होतात. मी बरेच दिवस मनात घोळवलेलं बोलून टाकलं. वर ओटा आहे, सिंक आहे, आपण त्यावर जुन्या बरण्या ठेवतो. तिथे मी माझं वेगळं स्वयंपाकघर करू का?

भांडण नव्हतं आपलं. म्हणूनच बोलायला अवघड गेलं. भांडण असतं तर एका दुपारीत मोकळं झालं असतं. मला तुमच्यापासून लांब जायचं नव्हतं, मला साडेसातपासून लांब जायचं होतं. कधी जेवायला नऊ वाजले तर वाजू देत असं मला हवं होतं. कधी नुसतं ऑम्लेट-पाव. आणि मला भांडी सिंकमध्ये तशीच टाकून झोपायचं होतं, वहिनी. उभ्या आयुष्यात एकदा. आधी आईच्या घरी मालेगावला नाही जमलं, मग तुमच्याकडे नाही जमलं. पन्नाशीला आलेल्या बाईचं हे स्वप्न, हसायचं तर हसा.

तुम्ही हसला नाहीत. हातातली जुडी संपवलीत, काड्या बाजूला केल्यात, मातीच्या कागदाची घडी घातलीत. मला वाटलं ऐकूच आलं नाही. मग म्हणालात, “हे मशीन कुणी घेतलं?”

“आपण.”

“मिळून घेतलं ना? मग हे चालतंय तोवर एका जागी खाऊ. बंद पडलं की तू तुझं वर मांड. रडायची नाय, रुसायची नाय. मीच येऊन तुझ्या शेगडीवर दूध उतू घालीन.”

मी लगेच हो म्हटलं. वॉरंटी कधीच संपली होती. बोअरचं पाणी, रोजचा वापर, कितीसं टिकणार होतं ते? मला वाटलं, वहिनींनी स्वतःचा मान राखून मला सोडलं. मी वर जाऊन संदीपला सांगितलं, “दिवाळीनंतर बघ, होईलच काहीतरी.” वरच्या बरण्या उतरवून ओटा पुसूनही ठेवला. फर्निचरवाला येऊन माप घेऊन गेला, तो तुम्ही देवळात गेलेल्या वेळी, तेही तुम्हाला नंतर कळलंच असणार.

मग दिवाळी झाली. थंडी पडली. रोज संध्याकाळी मी वर जायचे, कान देऊन बसायचे आणि खालून घरघर यायची. मी म्हणायचे, “चालतंय अजून मेलं.” संदीप म्हणायचा, “चांगलं निघालं मशीन.”

आणि आता हा मेकॅनिक म्हणतो, महिने झाले असतील.

*

म्हणजे नेमकं काय झालं होतं, वहिनी? त्याचं ऐकल्यापासून मी हेच जुळवत बसलेय आणि मला जुळत नाहीये. एका बाजूने बघितलं की सगळं स्वच्छ दिसतं. मशीन बंद पडलं. एके दिवशी तुम्ही टिकलीवर दाबलंत, त्याने शिट्टी मारली, तुम्हाला कळलं. मग तुम्ही एकेक बटण दाबून पाहिलंत, जे शिट्टी न मारता चालतं ते शोधलंत आणि टिकली तिथे हलवलीत. भांडी तर तुम्ही घासूनच लावत होतात. मशीन घासलेली भांडी गार पाण्याने खंगाळत होतं आणि सकाळी मी स्वच्छ डब्यांत पोळी-भाजी भरत होते. पावडरचा डबा या वेळी संपता संपत नव्हता, मला वाटलं तुम्ही काटकसर करताय.

आणि संध्याकाळी गॅसवर ते मोठं पातेलं. “पाय शेकायला पाणी ठेवलंय गं.” थंडीत रोज. तुमच्या टाचा दुखायच्या हे खरं, मी स्वतः मलम आणून दिलं होतं. पण हात? त्या थंडीत तुमच्या हातांना भेगा पडल्या होत्या, बोटांच्या पेरांना. मी विचारलं तर म्हणालात, “लय गारठा हे औंदा.” नाशिकला गारठा असतोच, मी पटकन मान्य केलं. ते पाणी पायांना होतं की भांड्यांना?

मग दुसऱ्या बाजूने बघते आणि वाटतं, मी एवढ्याशा टिकलीवरून कथा रचतेय. तुम्हाला मशीन मुळीच आवडत नव्हतं. भांडी पहिल्या दिवसापासून तुम्ही घासतच होतात, त्यात नवीन काही नाही. कदाचित तो गार पाण्याचा प्रोग्राम लवकर संपतो म्हणून टिकली हलवली असेल, वीज वाचते म्हणून. कदाचित टिकली निघाली असेल आणि चष्मा नसताना चुकून भलतीकडे लावली असेल. मग मशीनला शिट्टी मारायची संधीच मिळाली नसेल आणि कॉइल गेल्याचं तुम्हालाही कधी कळलं नसेल. पाय खरंच शेकत असाल. बायकांच्या हातांना थंडीत भेगा पडतातच.

यातलं कुठलं खरं ते सांगायला तुम्ही नाही. आणि मला राग आलाय, वहिनी. खोटं कशाला बोलू? पहिलं खरं असेल तर तुम्ही मला फसवलंत. शब्द तुम्हीच दिला होतात, मी मागितला नव्हता. मशीन बंद पडलं तर बंद पडलं म्हणायचं. मी काय लगेच बोचकं बांधून चंद्रावर जाणार होते? जिन्याच्या पंधरा-वीस पायऱ्या. तुम्ही मला हाक मारली असतीत तर फोडणीच्या वासासकट ऐकू आली असती.

आणि मग राग मध्येच कुठेतरी सांडतो. कारण मला डोळ्यांसमोर तुम्ही दिसता. सगळे उठून गेलेत, ओट्याशी तुम्ही एकट्या, भेगाळलेल्या हातांनी कढत पाण्यात चार जणांची भांडी घासताय, मग एकेक पुसल्यासारखं करून मशीनमध्ये मांडताय. कुणासाठी? मी वर ऐकावं म्हणून?

मला परीक्षा होती तेव्हाची गोष्ट आठवते. ऑफिसातली प्रमोशनची परीक्षा. तुम्ही महिनाभर माझे सकाळचे डबे केलेत आणि कुणी विचारलं की मी पोळ्या का लाटत नाही, तर म्हणायचात, “तिला परीक्षा हे,” आणि अशा आवाजात की पुढे कुणी विचारू नये. निकाल लागला तेव्हा मी पेढे आणले, तर तुम्ही देवापुढे ठेवून म्हणालात, “आता लाट उद्यापासून.” आभार मानायला जागाच ठेवायचा नाहीत तुम्ही. मी तेव्हा मानले नाहीत. आत्ता मानते. पण मला राग आलाय तो आलायच, या दोन्ही गोष्टींचं काय करायचं ते मला समजत नाही.

*

मेकॅनिकने विचारलं, “कॉइल मागवू? की मॅडम, नवीनच बघता? जुनं झालंय तसं.”

बघा, किती सोपं होतं. मी फक्त ‘नको’ म्हणायचं होतं. मशीन बंद पडलं. तुमचाच शब्द. वरचा ओटा पुसून तयार, माप घेतलेलं. मी तोंड उघडलं आणि म्हणाले, “मागवा.” तो गेल्यावर मीच माझ्याकडे बघत राहिले. मला वेगळं स्वयंपाकघर नकोय का? हवंय, वहिनी. अजूनही हवंय. साडेसात अजूनही मला साडेसातच वाटतात. मग ‘मागवा’ का म्हणाले? माहीत नाही.

आणि दादा. दादांनी त्याच संध्याकाळी जेवताना सांगितलं की ते श्रुतीकडे पुण्याला जाणार. तुमच्या लेकीने फार आग्रह धरलाय. ताटाकडे बघतच म्हणाले, “तुम्ही दोघं वर तुमचं करा आता. मला माहिते तुझ्या मनात होतं. एकट्यासाठी खाली कशाला रोज मांडायचं. मी जातो पोरीकडं.”

संदीप माझ्याकडे बघत होता. कंपनीत तीस वर्षं मशीनवर काढलेला माणूस, कधी स्वतःहून दोन वाक्यांपुढे बोलला नाही. ते मी अडवावं म्हणून बोलत होते की अडवू नये म्हणून? तुम्ही असतात तर भुवई वर करून मला खूण केली असतीत. आता माणसांचे अर्थ कुणाला विचारायचे?

संदीप वर गेल्यावर मी दादांना टिकलीचं विचारलं. त्यांना काहीच माहीत नव्हतं. “ती म्हणायची टिकलीवर दाब, मी दाबायचो.” मग मी त्यांना आपला ठराव सांगितला. मेथी, मशीन, दूध, सगळं. कॉइल महिन्यांपूर्वी गेल्याचंही सांगितलं. ते ऐकत राहिले. हात ताटातच वाळून गेला होता.

मग म्हणाले, “एकदा मीच बोललो होतो तिला. थंडीत. म्हटलं, भांडी घासूनच टाकतेस तर मशीन कशाला लावतेस? कशाला लाइट जाळायची?”

“मग काय म्हणाल्या?”

“म्हणाली, असू द्या. आवाज येऊ द्या. वर ऐकू जातो.”

एवढंच बोलून ते उठले आणि हात धुवायला गेले. नळ बराच वेळ वाहत होता. मी त्यांचं ताट घेऊन ओट्याशी गेले आणि तिथे उभी राहून रडले, तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा नीट. त्या दिवशी स्मशानातून माणसं परत आली तेव्हाही मी पाणी तापवण्याच्या, चहा करण्याच्या मागे होते.

माझ्या सगळ्या ‘कदाचित’ना तुम्ही एका वाक्यात गप्प केलंत, तेही दादांच्या तोंडून. पण गोंधळ कमी झाला म्हणता? उलट वाढला. वेगळं झाल्यावर तुमचं काय होईल अशी भीती वाटत होती तुम्हाला? आठ पोळ्यांऐवजी चार लाटाव्या लागतील याची? तसं मला सांगितलं असतंत तर? ‘वैशू, जाऊ नको’, एवढे तीन शब्द. पण तुम्ही ते म्हणाला नसतात. म्हणाला असतात तर मी थांबलेही असते आणि मनातून धुमसतही राहिले असते, हे तुम्हाला माझ्याआधी कळलं होतं. म्हणून तुम्ही ते मशीनला बोलायला लावलंत.

*

कॉइल आलं, बसवलं. मेकॅनिकने खरं बटण दाबून दाखवलं. थोड्या वेळाने दाराच्या फटीतून वाफ आली, पत्रा हाताला चटका बसावा इतका गरम. “आता शेजारचं दाबायचं, हे टिकलीचं नाही,” असं तो बजावून गेला. मी न्हाणीघरात गेले. आरशावर कडेला तुमच्या टिकल्या अजून ओळीने चिकटलेल्या आहेत, दादांनी कुणाला काढू दिल्या नाहीत. त्यातली एक काढून खऱ्या बटणावर लावली, त्या जुन्या डागावर बरोबर. तुम्ही हलवलेली टिकली मात्र मला काढवेना. आता मशीनवर दोन टिकल्या आहेत. दादांनी विचारलं, “मग दाबायचं कुठलीवर?” मी म्हटलं, “नवीन लावली तिच्यावर. गरम येतं.” त्यांनी मान हलवली.

पुण्याचा विषय त्यांनी काढला नाही, मीही नाही. फर्निचरवाल्याचा फोन आला, तो मी उचलला नाही.

रविवारी मला आणि संदीपला एका बारशाला जायचं होतं, तिथेच जेवण. दादांना डबा झाकून ठेवला होता, तो त्यांनी दुपारीच संपवला असणार. दिवेलागणीला परत आलो, मी वर जाऊन साडी बदलत होते आणि खालून घरघर आली.

मी होते तिथेच उभी राहिले. संदीपही थांबला. आम्ही एकमेकांकडे बघितलं. घरात अजून रात्रीचं कुणी जेवलंच नव्हतं, मग भांडी कसली?

जिना उतरताना दादांचा आवाज ऐकू आला. ओसरीवर फोनवर बोलत होते, श्रुतीशी. “नाय गं. आत्ता कसा येऊ? इथं मशीन चालू झालंय.” पलीकडून ती काहीतरी विचारत असणार, कारण त्यांनी तेच पुन्हा सांगितलं, जरा मोठ्याने, बहिऱ्याला सांगावं तसं. “मशीन. चालू झालंय म्हटलं.” बिचाऱ्या पोरीला काय कळणार होतं?

मी स्वयंपाकघरात गेले. मशीन सुरू होतं. दार हळूच ओढलं तसं ते थांबलं. आत, एवढ्या मोठ्या कपाटात, एक कप आणि एक बशी. मी कप उचलून बघितला. घासलेला होता, वहिनी. साबण लावून, बूड पालथं करून. आणि पाणी गार. त्यांनी तुम्ही हलवलेल्याच टिकलीवर दाबलं होतं.

मी वर गेले. सकाळचे आमचे चहाचे कप बेसिनवर तसेच पडले होते, ते खाली आणले. घासणी घेतली, घासले आणि त्यांच्या कपाशेजारी ठेवले. तुम्ही बघत असाल तर हसू नका. उद्याचं मला माहीत नाही. वरच्या ओट्याचं काय करायचं तेही ठरलेलं नाही आणि दूध उतू घालायला तुम्ही येणार होतात, तुमच्याशिवाय ते कसं करतात हे मला कुणी शिकवलेलं नाही.

दुसरं बटण दाबावं असं एकदा मनात आलं. गरम पाण्याचं, एवढं दुरुस्त करून घेतलंय ते. पण मी दार नुसतं लावून घेतलं आणि ते होतं तसंच पुढे चालू दिलं. आवाज दोन्हीचा सारखाच येतो. वर ऐकू जातो.